फी नाही म्हणून दावा अडत नाही

(आमच्या सामुदायिक रेडिओवरच्या ‘बायकांचा कट्टा’ या कार्यक्रमातलं भाषण)

भांडीकुंडी उरकली असतील, नसतील तर घासता घासता ऐका. आज आम्ही जे सांगणार आहोत ते आमच्याच ग्रामसंघात घडलेलं आहे. त्यात आमच्याकडून एक मोठी चूक होता होता राहिली, तीही सांगणार आहोत. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून.

आमच्या एका गटात एक ताई आहे. तिनं सांगितलंय, गोष्ट सांगा पण नाव नको. म्हणून आपण तिला नुसतं ताई म्हणू. नवऱ्यानं टाकून बारा वर्षं झाली. माहेरच्या गावातच एका खोलीत भाड्यानं राहते. शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवते, काम नसलं की खुरपायला जाते. मुलगा दहावीला आहे. गटात दर महिन्याला शंभर रुपये भरते, सहा वर्षांत एकही हप्ता चुकवलेला नाही.

वडील वारले तेव्हा मागे तीन एकर जिरायत, गावठाणातलं घर आणि रस्त्याच्या कडेचा पाच गुंठ्यांचा बिनशेती तुकडा राहिला. दोघे भाऊ तलाठ्याकडे गेले आणि वारस नोंदीत आपलीच नावं लावून आले. ताईला कुणी विचारलं नाही. दरवर्षी भाऊबीजेला साडी मिळत होती, म्हणून तिनंही कधी उतारा काढून बघितला नाही. मग एक दिवस कळलं, रस्त्याकडेच्या तुकड्याचं गिऱ्हाईक आलंय, इसाराची बोलणी चाललीत. ती भावाकडे गेली. म्हणाली, “दादा, मला खोलीपुरती तरी जागा ठेव.” भाऊ म्हणाला, “कायदा दाखवायचा असेल तर कोर्टात जा. तिथली फी भरायला आधी गळ्यातलं मोड.”

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यातल्या किती जणींनी ऐकलंय! हक्क आहे, पण तो मागायला पैसे लागतात. म्हणून बाई गप्प बसते. समोरच्यालाही ठाऊक असतं की ही गप्पच बसणार.

आधी हक्काचं थोडक्यात सांगतो. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली बदल झाला आणि मुलगी जन्मानंच मुलाइतकी वडिलोपार्जित मालमत्तेची हिस्सेदार झाली. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीचा हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं. मालमत्ता वडिलांच्या स्वतःच्या कमाईची असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरीही मुलगी मुलाबरोबरची वारस आहे. फेरफारात नाव नाही म्हणून हक्क बुडत नाही. तलाठ्याची नोंद म्हणजे मालकीचा निकाल नव्हे. मुसलमान, ख्रिश्चन बहिणींचे वारसाचे कायदे वेगळे आहेत, पण कोर्ट फीबद्दल आता जे सांगणार आहोत ते सगळ्यांना सारखंच लागू आहे.

आता फीचं. दिवाणी दावा लावताना कोर्ट फी भरावी लागते. ही वकिलाची फी नव्हे, सरकारची फी. दाव्याची जी किंमत धरली जाते तिच्यावर ती ठरते. शेतजमिनीचा हिस्सा मागायचा असेल तर बाजारभाव न धरता सातबाऱ्यावर जो ‘आकार’ लिहिलेला असतो, म्हणजे सरकारी सारा, त्याच्या पटीत किंमत काढतात. म्हणून नुसत्या शेतीच्या दाव्याला फी पुष्कळदा वाटते तेवढी नसते. घर आणि बिनशेती जागा आली की मात्र बाजारभाव येतो आणि फी चढते. ताईच्या हिश्श्याची फी तीस हजारांच्या वर गेली. ताई शहरातल्या एका वकिलाकडून हा आकडा ऐकून आली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी आमची गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, मग तिनं सगळं सांगितलं. आमचं रक्त तापलं. आम्ही म्हटलं, फी आपण भरू. गटाच्या शिलकीतून तीस हजार ताईला द्यायचे, केसचा खर्च गटानं करायचा, आणि जमीन मिळाली की तिनं मुद्दल तर द्यायचीच, वर दोन गुंठे गटाच्या शेडसाठी द्यायचे. टाळ्या वाजल्या. इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहिला, सह्या झाल्या, अंगठे झाले. आम्हाला वाटलं, बायकांनी बाईसाठी केवढं मोठं काम केलं!

हीच ती चूक. ती कशी, ते पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी ताईला घेऊन तालुक्याच्या कोर्टात गेलो. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. बहुतेकींना हे माहीत नसतं, आम्हालाही नव्हतं. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं गरजूंना मोफत वकील मिळतो. त्यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बाईला उत्पन्नाची अट नाही. पुरुषाला बहुतेक वेळा उत्पन्न किती, हे दाखवावं लागतं. बाई बाई आहे एवढंच पुरतं. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना आणि मुलांनाही अशीच उत्पन्नाची अट नाही. साधा अर्ज करायचा, त्याला पैसे पडत नाहीत. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथले कर्मचारी लिहून घेतात. घरून विचारायचं असेल तर 15100 या नंबरावर फोन लावा.

ताईला समितीकडून एक वकीलताई मिळाल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की फी भरता येत नसेल तर तीन दारं आहेत.

पहिलं दार माफीचं. महाराष्ट्र शासनानं 1994 साली बायकांना काही दाव्यांत कोर्ट फी माफ केली आहे. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि नवराबायकोच्या संसारातल्या मालमत्तेचा वाद, यांत बाईला फी नाही. पण माहेरच्या वाटणीच्या दाव्याला ही माफी आपोआप लागेल असं समजू नका. आपला दावा कशात बसतो ते वकिलालाच विचारा.

दुसरं दार विधी सेवा समितीचं. वकील तर ती देतेच, पण कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, नकला, टायपिंग असे खर्चही या मदतीत येऊ शकतात. अर्जातच ते मागायचे. तुम्हाला दिलेल्या वकिलानं तुमच्याकडे वेगळे पैसे मागायचे नाहीत. मागितलेच तर समितीकडे लेखी तक्रार करा.

तिसरं दार नादारीचं. आमच्यातल्या वयस्क मावशींना हा शब्द लगेच कळला. पूर्वी शाळेत गरिबाच्या पोराची फी माफ व्हायची तिला नादारी म्हणायचे. कोर्टातही जुने लोक नादारीचा दावा म्हणतात. कायद्याच्या भाषेत ‘निर्धन व्यक्ती म्हणून दावा करण्याची परवानगी’. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 33 आहे, त्यात ही सोय आहे. म्हणजे शंभर वर्षांहून जुनी. भावाला जे वाक्य सुचलं त्याचं उत्तर त्याच्या आजोबाच्या काळापासून कायद्यात लिहिलेलं होतं, आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

फी मोठी होती म्हणून वकीलताईंनी ताईसाठी तिसरं दार धरायचं ठरवलं. आता हे दार कसं उघडतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, निर्धन म्हणजे भिकारी नव्हे. अंगावर फाटकं नेसून जायची गरज नाही. कायदा एवढंच विचारतो की ही ठरलेली फी भरण्याइतकी ऐपत तुमच्याकडे आहे का. दोन वेळचं खाता, मुलाला शाळेत घालता, तरीही तीस हजार एकरकमी उभे करू शकत नसाल, तर तुम्ही या अर्जाला पात्र ठरू शकता.

दुसरी गोष्ट, ऐपत मोजताना काही वस्तू धरतच नाहीत. ज्या वस्तूंवर कर्जासाठी कोर्टाची जप्ती येत नाही, त्या इथंही मोजत नाहीत. अंगावरचे रोजचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापुरती लागणारी जनावरं आणि बियाणं. आणि धर्माच्या रीतीप्रमाणे बाई जो दागिना अंगावेगळा करू शकत नाही तोही. वकीलताईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा ताईचा हात गळ्याकडे गेला. भाऊ म्हणाला होता ना, गळ्यातलं मोड! कायदा म्हणतो, ते मोजायचंच नाही. शिलाई मशीन हे तिच्या हातच्या कामाचं हत्यार, म्हणून तेही बाजूला राहतं असं वकीलताईंनी सांगितलं.

तिसरी गोष्ट, ज्या मालमत्तेसाठी भांडण आहे तीही मोजत नाहीत. नाहीतर समोरचा म्हणेल, लाखाची जागा मागतेस आणि गरीब कशी? अहो, जागा हातात असती तर ती कोर्टात कशाला आली असती! 2024 साली सर्वोच्च न्यायालयापुढे गुजरातमधल्या एका अपघाताच्या भरपाईचं प्रकरण आलं होतं. भरपाई मंजूर झाली होती पण पैसे हातात पडले नव्हते. न्यायालय म्हणालं, न मिळालेल्या पैशावरून कुणाला ऐपतदार ठरवता येत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. अर्जाबरोबर आपल्या मालमत्तेची यादी द्यावी लागते. काय काय आहे, अंदाजे किंमत किती, सगळं लिहायचं आणि ते खरं आहे म्हणून सही करायची. इथं आमच्यात खडाजंगी झाली.

ताईच्या यादीत काय होतं? दोन शेळ्या, बारा हजारांच्या. कानातले, दोन ग्रॅम. मोबाईल. बँकेच्या खात्यात तेराशे चाळीस रुपये. आणि आमच्या गटातली बचत, सात हजार दोनशे. शिवाय मशीनसाठी गटाकडून घेतलेल्या कर्जातले पंधरा हजार फेडायचे बाकी. आमच्या सचिव म्हणाल्या, “गटाची बचत कशाला लिहायची? गटाचं नाव कोर्टात नको. आणि पैसे दिसले तर अर्ज जाईल.” दुसरी म्हणाली, “शेळ्या बहिणीच्या नावावर सांग.” आपल्या बायकांची ही सवयच आहे, डब्यात लपवायचं. डब्यात लपवलेल्या पैशानंच कितीतरी घरं चाललीत, खरं आहे. पण कोर्ट म्हणजे घरचा डबा नव्हे.

वकीलताई म्हणाल्या, “थोडे पैसे असले म्हणून अर्ज जात नाही. लपवले तर जाऊ शकतो. अर्ज देण्याच्या आधीच्या दोन महिन्यांत, अर्ज करता यावा म्हणून कुणी काही विकलं, कुणाच्या नावावर केलं, तर त्या कारणावरूनही अर्ज फेटाळतात. आणि एक खोटं सापडलं की तुमच्या खऱ्यावरही कोण विश्वास ठेवणार?”

मग त्यांनी विचारलं, “तुम्हाला कुणी केससाठी पैसे द्यायचं कबूल केलंय का? जमिनीतला वाटा कुणाला कबूल केलाय का?”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. ठरावाची वही आमच्या पिशवीतच होती.

मैत्रिणींनो, कायद्यात स्पष्ट आहे. दाव्यातल्या मालमत्तेत कुणाला वाटा द्यायचा करार केला असेल, किंवा दुसऱ्या कुणी दाव्याचा खर्च उचलायचा करार केला असेल, तर नादारीचा अर्ज फेटाळला जातो. कारण उघड आहे. पैसेवाला माणूस गरिबाला पुढे करून सरकारची फी बुडवेल आणि मागून जमीन लाटेल, हे थांबवायचं आहे. आम्ही तर प्रेमानं ठराव केला होता, पण कागदावर तो तसाच दिसत होता. खर्च गटाचा आणि दोन गुंठे गटाला! भावाच्या हातात ती वही पडली असती तर आमच्याच सह्यांनी ताईचा अर्ज बुडाला असता.

वकीलताईंनी विचारलं, पैसे दिलेत का? दिले नव्हते. त्या म्हणाल्या, “पान फाडू नका, खाडाखोड करू नका. पुन्हा बैठक घ्या आणि रीतसर ठराव रद्द करा.” आम्ही तसंच केलं. ते दोन गुंठे मागायचं आमच्या डोक्यात आलं तरी कसं, याचीही त्या बैठकीत लाज वाटली. मदत म्हटली आणि तिच्या जमिनीत वाटा मागितला. मग भावात आणि आमच्यात फरक तो काय?

मग गटानं करायचं तरी काय? आम्ही केलं ते सांगतो. कागद गोळा करायला तिच्याबरोबर गेलो. तारखेच्या दिवशी आमच्यातली एक तरी तिच्यासोबत एसटीत बसली. तिचा मुलगा शाळेतून आला की आमच्या घरी जेवला. तिची शिलाईची कामं आम्ही लोकांना सांगून दोन दिवस पुढे ढकलली. याला कुठला करार लागत नाही.

कागद कोणते, ते लिहून घ्या. सातबारा आणि आठ अ, फेरफाराची नक्कल, घराचा ग्रामपंचायतीचा उतारा, वडिलांचा मृत्यूचा दाखला, वंशावळ. हे दाव्यासाठी. आणि ऐपतीसाठी रेशन कार्ड, आधार, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सगळ्या बँकांची पासबुकं, आणि हो, गटाचं पासबुक. सातबारा आता मोबाईलवरही बघता येतो. पण कोर्टात द्यायला सही-शिक्क्याची किंवा डिजिटल सहीची प्रत घ्या.

नादारीचा अर्ज स्वतः कोर्टात जाऊन द्यावा लागतो. वकिलाकडे कागद देऊन घरी बसलं असं चालत नाही. कोर्टानं हजर राहण्यातून सूट दिली असेल तरच दुसरा माणूस देऊ शकतो. तिथं कोर्ट तुम्हाला प्रश्न विचारू शकतं. नंतर कोर्टाच्या कार्यालयातले मुख्य अधिकारी ऐपतीची चौकशी करतात. समोरच्या पार्टीला आणि सरकारी वकिलांना नोटीस जाते. सरकारी वकील कशाला? कारण फी सरकारची आहे, ती बुडू नये हे बघायला ते असतात. ते आपले शत्रू नव्हेत.

चौकशीची तारीख आली. ताई पिंजऱ्यात उभी राहिली, आम्ही मागच्या बाकावर. भावाच्या वकिलानं सुरुवात केली. शिलाईचे किती मिळतात? सणाला किती मिळतात? मुलाला क्लास लावलाय ना? ताई एकेक सांगत गेली. मग तो आवाज चढवून म्हणाला, “तुम्ही बचत गटात आहात. तिथं तुमचे पैसे आहेत. खरं की खोटं?”

ताई म्हणाली, “खरं आहे साहेब. सात हजार दोनशे आहेत. यादीत पाचव्या ओळीवर लिहिलेत. आणि पंधरा हजार देणं आहे, ते सहाव्या ओळीवर आहे.”

न्यायाधीशांनी कागद वर घेतला, वाचला आणि खाली ठेवला. त्या वकिलानं पुढचा प्रश्न विचारला नाही. आमच्या सचिव शेजारी बसल्या होत्या, त्यांनी आमचा हात एवढा घट्ट धरला की बांगडी रुतली. पाचवी ओळ नको म्हणणाऱ्या त्याच होत्या.

अर्ज मंजूर व्हायला सात महिने लागले. मधे तारखा पडल्या, एकदा साहेब रजेवर, एकदा नोटीस बजावली गेली नाही. दर तारखेला ताईची मजुरी बुडाली. हे सोपं आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण अर्ज मंजूर झाला, त्याला दाव्याचा नंबर पडला, आणि एक रुपया कोर्ट फी न भरता दावा सुरू झाला. पुढे वकीलताईंनी मनाईचा अर्ज दिला आणि निकाल लागेपर्यंत तो रस्त्याकडेचा तुकडा विकायचा नाही असा हुकूम झाला. गिऱ्हाईक परत गेलं. दावा अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते निकालाच्या दिवशी कळेल.

आता काही कडू गोष्टीही सांगायला हव्यात.

नादारी म्हणजे माफी नव्हे, उधारी आहे. फी आज भरायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. दावा जिंकला तर सरकार ती फी कोर्ट ज्याला सांगेल त्याच्याकडून वसूल करतं, आणि दाव्यातल्या मालमत्तेवर सरकारचा त्या रकमेपुरता पहिला बोजा असतो. दावा हरला तर कोर्ट आपल्यालाच फी भरायला सांगतं. ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. म्हणून फुकट आहे म्हणून रागाच्या भरात दावा लावू नका. आधी वकिलाला स्पष्ट विचारा, माझ्या दाव्यात दम आहे का.

दावा चालू असताना आपली परिस्थिती सुधारली तर ते लपवायचं नाही. ऐपत आली असं दिसलं तर कोर्ट परवानगी काढून घेऊ शकतं. तारखांना टाळाटाळ केली तरी काढून घेतं.

अर्ज नामंजूर झाला तर तसाच अर्ज पुन्हा करता येत नाही, म्हणून पहिलाच अर्ज नीट करा. पण नामंजूर झाला म्हणजे दावा मेला असं नाही. फी भरायला कोर्ट मुदत देऊ शकतं. त्या मुदतीत फी भरली तर अर्ज ज्या दिवशी दिला त्याच दिवशी दावा लावला असं धरतात. याचा फायदा मोठा आहे, कारण दाव्यांना मुदत असते. फसवून खरेदीखत किंवा हक्कसोड करून घेतलं असेल, तर फसवणूक कळल्यापासून तीनच वर्षं असतात. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून बाहेर काढलं तर ते कळल्यापासून बारा वर्षं. ‘बघू, पोराचं लग्न होऊ दे’ असं करता करता ही वर्षं निघून जातात.

आणखी एक. दावा लावल्यावर वकिलांना विचारा की दाव्याची नोटीस दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवायची का. आपल्या राज्यात ती नोंदवलेली असली की मधल्या काळात जागा घेणाऱ्यावरही निकाल बांधील राहतो. नाहीतर आपण कोर्टात आणि जागा तिसऱ्याच्या नावावर, असं होऊन बसतं.

आता तुम्ही म्हणाल, भावाविरुद्ध कोर्टात जायचं म्हणजे माहेर तुटलं. हे दुःख आम्हाला कळतं. ताईला या दिवाळीला साडी आली नाही. ओवाळणीचं ताट तिनं भरलं आणि तसंच देवापुढे ठेवलं. ती आम्हाला म्हणाली, “साडी दरवर्षी येत होती, पण मला घर नव्हतं.” यावर आम्ही काय बोलणार? समजुतीनं मिटत असेल तर जरूर मिटवा. सगळे वारस राजी असतील तर शेतीची वाटणी तहसीलदारांकडे अर्ज करून होते. दावा लावल्यावरही लोक अदालतीत तडजोड करता येते. पण तिथं सही करण्याआधी नीट वाचून घ्या, कारण लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईची भावजय आली होती. त्या दोघी बोलत नाहीत. पण जाताना तिनं आमच्यातल्या एकीला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “माझ्या माहेरी सहा एकर आहे. आम्ही दोघी बहिणी. ते तालुक्याचं ऑफिस कुठं आहे?” आम्ही पत्ता सांगितला. तिलाही सांगायचाच होता.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत तीन कामं करा. पहिलं, प्रत्येकीनं आपल्या माहेरचा आणि सासरचा सातबारा काढून बघायचा, आपलं नाव आहे का. भांडायला नको, नुसतं बघायला. दुसरं, 15100 हा नंबर आणि तालुका विधी सेवा समितीचा पत्ता गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायचा. तिसरं, कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या कागदावर, भावानं, दिरानं, मुलानं, कुणीही सांगितलं तरी सही करायची नाही, अंगठा द्यायचा नाही. ‘घरी नेऊन वाचून घेते’ एवढं म्हणायचं.

आणि तुमच्यातली एखादी उभी राहिली तर तिच्या पाठीशी उभ्या राहा. एसटीत तिच्या शेजारी बसा, तिच्या पोराला जेवू घाला. फक्त ठराव लिहिण्याआधी वकिलाला एकदा विचारा. आम्ही विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात हक्कसोड पत्राबद्दल बोलू. तुमचे प्रश्न आपल्या गटाच्या ताईंकडे द्या.